चार इंजेक्टर आणि पाचवे कलम

मृत्युपत्र

मी, गोरक्ष सावळीराम ढोमसे, वय अडुसष्ट वर्षे, सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर, राहणार जेल रोड, नाशिक रोड, हे मृत्युपत्र आज मंगळवार, दिनांक ४ मार्च २०२५ रोजी सकाळी साडेसात वाजता माझ्या घराच्या पुढच्या खोलीत बसून स्वतःच्या हाताने लिहायला घेतले आहे. माझे डोके ठिकाणावर आहे; बिघाड छातीत आहे. उद्या दुपारी मला दवाखान्यात भरती व्हायचे आहे आणि गुरुवारी हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, "काका, शंभरात पंच्याण्णव जण चालत घरी जातात." मी आयुष्यभर यंत्रे उघडली. उरलेल्या पाचांचा विचार करूनच काम उघडायचे असते.

माझ्यावर कोणाचा दबाव नाही. उलट माझा मुलगा हर्षल याने पुण्याहून तीनदा फोन करून "पप्पा, एवढी घाई कशाला?" असे विचारले. त्यालाही मी जुमानलेले नाही.

कारखान्यात पाळी संपायच्या आत नोंदवही लिहावी लागे. काय बिघडले, कोणी उघडले, कोणी जोडले, किती वाजता. पुढच्या पाळीच्या माणसाचा हात त्या नोंदीवर अवलंबून असे. एकतीस वर्षांत माझी नोंद कधी अपुरी राहिली नाही, असे मला निवृत्तीच्या समारंभात शाल देताना सांगण्यात आले. एक नोंद राहिली आहे. ती कारखान्यातली नाही, म्हणून त्यांना माहीत नाही. ती या कागदात पाचव्या कलमात येईल.

ते कलम भिकन उत्तम देवरे याने माझ्या देखत वाचावे, एवढीच माझी इच्छा आहे. भिकन कारखान्यात माझ्या शेजारच्या मशीनवर होता. आता सिन्नर फाट्याजवळ त्याची पिठाची गिरणी आहे. माझी मुलगी हर्षाली काल संध्याकाळी त्याला निरोप देऊन आली: उद्या अकरा वाजता घरी या, पप्पांना काही वाचायला द्यायचंय. तो म्हणाला, "गिरणी बंद ठेवायला लावतोय म्हंजे मोठंच काहीतरी असंल." येतो म्हणाला नाही, येत नाही असेही म्हणाला नाही. वकील ॲड. भाग्यश्री मोगल यांना एक वाजता कोर्टात जायचे आहे. म्हणजे माझ्या हातात आजची सकाळ आहे.

कलम १. घर. माझे राहते रो-हाऊस मी पगारातून बांधले. ते माझ्या पश्चात माझी पत्नी लंकाबाई हिचे राहील. तिच्या हयातीत ते विकू नये, गहाण टाकू नये, त्यावर मजला चढवू नये. तिच्यानंतर हर्षल आणि हर्षाली यांना निम्मे निम्मे. हर्षलने दोन वेळा एका बिल्डरला घर दाखवायला आणले. दुसऱ्या वेळी त्या गृहस्थाने माझ्या देखत चप्पल घालून पावलांनी अंगण मोजले, आणि लंकाने त्याला पोहे दिले. पोह्यांचे मला काही वाटत नाही. पण हर्षल, तो तुळशीपासून कुंपणापर्यंत बारा पावले म्हणाला, ती अकरा आहेत. जो मोजतो त्याला निदान नीट मोजता आले पाहिजे.

कलम २. बचत. पोस्टातली आणि बँकेतली सर्व शिल्लक लंकाबाईची. कागद कपाटात, वरच्या कप्प्यात, साड्यांच्या खाली आहेत. ते तिनेच तिथे ठेवले आहेत, तरी दर वर्षी ती ते मलाच विचारते.

कलम ३. हत्यारे. माझी हत्यारांची लोखंडी पेटी हर्षालीला. हर्षलला राग येऊ नये. त्याने आजवर गाडीचे पंक्चर झालेले चाकसुद्धा दुसऱ्याकडून बदलून घेतले आहे. पेटीतला सतरा नंबरचा पाना शेजारच्या सरिता कातकाडे बाईंनी २०१६ साली नळाच्या कामासाठी नेला. मी कच्च्या मसुद्यात लिहिले होते की, तो पाना आता त्यांनाच बक्षीस द्यावा. परंतु त्यांना साक्षीदार व्हायचे होते, आणि भाग्यश्रीबाईंनी सांगितले, "ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याला साक्षीदार करू नका. उद्या कोणी कोर्टात गेलं तर वाद होतो." ते ऐकून सरिताताई काल वर्तमानपत्रात गुंडाळलेला पाना घेऊन आल्या. म्हणाल्या, "घ्या तुमचा पाना. नऊ वर्षं टोमणे ऐकले. आता तरी साक्षीदार करा." सबब ते बक्षीस रद्द, पाना पेटीत जमा, आणि सरिताताई साक्षीदार क्रमांक दोन.

कलम ४. जीप. माझी डिझेल जीप, १९९६ सालची, मी सेकंडहँड घेतलेली, हर्षालीला. निफाडला तिच्या सासरी द्राक्षबाग आहे, क्रेट वाहायला ती हीच जीप वापरते. जीप जुनी आहे, पण तिच्यात असे काही नाही जे घरच्या अंगणात उघडून जोडता येत नाही. इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टर धरून. म्हणून इंजेक्टरबद्दल मी येथे सविस्तर लिहितो. हा भाग कोणी गाळू नये.

काळा धूर यायला लागला आणि इंजिन लंगडू लागले की, चालू इंजिनावर एकेका इंजेक्टरच्या नळीची चक्की, म्हणजे नट, सतराच्या पान्याने अर्धा फेरा सैल करायची, डोळ्यांवर चष्मा घालून आणि चक्कीवर जाड फडके धरून. ज्याची चक्की सैल करूनही आवाजात फरक पडत नाही, तो इंजेक्टर मेलेला. इंजेक्टर काढण्याआधी भोवतालची माती ब्रशने आणि डिझेलने धुवायची. मातीचा एक कण आत गेला तर नवा इंजेक्टर महिनाभरात जुना होतो. नळ्यांची तोंडे लगेच झाकायची. इंजेक्टर वर आला की खाली तांब्याची चकती राहिली का ते टॉर्चने बघायचे. जुनी चकती आत राहिली आणि वर नवी टाकली, तर इंजेक्टर नीट बसत नाही आणि कॉम्प्रेशन, म्हणजे आत दाबलेली हवा, बाहेर येते. ही चूक सगळे एकदा करतात. शेवटी नळ्यांतली हवा काढायची आणि मगच चक्क्या घट्ट करायच्या.

आणि इंजेक्टर बाहेर असताना कोणी चावी फिरवत असेल, तर इंजेक्टरच्या तोंडासमोर, म्हणजे नॉझलसमोर, हात न्यायचा नाही. बोट नाही, तळवा नाही, फडके धरलेला हातही नाही. नॉझलमधून डिझेल ज्या दाबाने येते तो ट्रकच्या टायरमधल्या हवेच्या वीसपट असतो. ते कातडीवर पडत नाही. ते कातडीच्या आत जाते. बाहेर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसतो, रक्त येत नाही, पहिला तासभर दुखतसुद्धा नाही. आत बोट मरायला लागलेले असते.

हे मी हर्षालीला नऊ फेब्रुवारीच्या आधी कधीही सांगितले नव्हते.

त्या रविवारी ती चार नवे इंजेक्टर घेऊन आली. डिझेल-पंपाच्या मिस्त्रीकडे न देता स्वतः बसवणार, मोबाईलवर बघून शिकली होती. मी अंगणात खुर्चीवर बसून बघत होतो. हात चांगला आहे तिचा. दोन इंजेक्टर माझ्यासमोर बसवले, चकत्या तपासल्या, मला एकदाही विचारावे लागले नाही. मी फक्त एवढेच म्हणालो, "नॉझलच्या पुढे हात आणू नकोस."

"का?"

"आणू नको म्हटलं ना."

"पप्पा, तुम्ही ना, अगदी कारखान्यातल्या पाटीसारखं बोलता."

अकराची गोळी घ्यायला मी आत गेलो. तेवढ्यात तिला बघायचे होते की, जुन्यांपैकी कोणता ठिबकतो. तिने जुना इंजेक्टर बाहेरच नळीला जोडला आणि आईला हाक मारली, "आई, जरा चावी फिरव गं." लंकाने फिरवली. हर्षालीने डाव्या हाताचे मधले बोट पुढे केले.

मी बाहेर आलो तेव्हा ती बोट झटकत हसत होती. "काही नाही हो पप्पा, जरासं टोचलं."

हे शब्द मी पूर्वी ऐकले होते. मी पेटी तशीच उघडी टाकली, नळ्या उघड्या, चावी गाडीला. रिक्षाने दवाखान्यात गेलो. तिथला तरुण डॉक्टर बोट बघून म्हणाला, "टिटॅनस देतो, गोळ्या देतो, परवा दाखवा."

मी म्हणालो, "डॉक्टर, हे टोचलेलं नाही. डिझेल आत गेलंय, दाबाने. हाडापर्यंत गेलं असेल. सर्जनला बोलवा आणि बोट आत्ता उघडा."

"काका, तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. फिटर आहे. मी हे एकदा बघितलंय. तेव्हा दोन दिवस थांबलो होतो."

मी त्याचा हात धरला होता असे हर्षाली म्हणते. मला आठवत नाही. सर्जन आले, त्यांनी बोट दाबून पाहिले, आणि मग कोणीच थांबले नाही. पावणेदोनला तिला आत घेतले. बोट वाचले. टोकाचे पेर वाकत नाही, पण बोट आहे.

ती आत जाण्याआधी स्ट्रेचरवरून विचारत होती, "पप्पा, कधी बघितलंत तुम्ही? कोणाचं?"

बाकावर लंका आणि मी बसलो होतो. मी तिला सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "म्हणजे तार नव्हती."

कलम ५. भिकन. मौजे पिंपळस, तालुका निफाड येथील माझी स्वकष्टाची अकरा गुंठे जमीन मी भिकन उत्तम देवरे यास देत आहे. कारण पुढीलप्रमाणे. भाग्यश्रीबाई म्हणाल्या, "काका, कोणाला काय ते लिहितात. का, ते लिहीत नाहीत." या कलमात मला 'का' हेच लिहायचे आहे.

२३ फेब्रुवारी १९९९. द्राक्षाचा हंगाम. मी नुकतीच ही जीप घेतली होती आणि सुटीच्या दिवशी क्रेट वाहून चार पैसे जोडत होतो. त्या दिवशी सुटी नव्हती. मी आणि भिकन दोघांनी आजारपणाची रजा टाकली होती. खोटी. त्याच महिन्यात खोट्या रजेवरून दोन जणांना घरी बसवले होते, हे आम्हाला माहीत होते. भिकनला यायचे नव्हते. मी म्हणालो, "एक दिवसाचं काम आहे. तुझ्याशिवाय माल निघत नाही."

पिंपळसच्या शिवारात जीप काळा धूर टाकत बंद पडली. आम्ही इंजेक्टर काढले. तिसरा बाहेर नळीला जोडून भिकनने धरला, मी चावीवर बसलो. त्याला फवारा दिसत होता, पण ठिबकते का ते दिसत नव्हते. मी आतून ओरडलो, "बोट लावून बघ ना!" आमच्याकडे जुने लोक तसेच बघत. मला धोका माहीत नव्हता, एवढे मी माझ्या बाजूने लिहितो. त्याने उजव्या हाताची तर्जनी लावली. मी चावी फिरवली.

तो म्हणाला, "काही नाय रे भाऊ, जरासं टोचलं." आम्ही आणखी तासभर काम केले आणि माल पोचवला.

सकाळी त्याचे बोट पांढरेफटक आणि टणक झाले होते. आम्ही जवळच्या एका दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी विचारले, काय झाले. भिकन गप्प बसला. मी म्हणालो, "द्राक्षाच्या मांडवाची तार टोचली." डिझेल म्हटले असते तर गाडी आली असती, गाडी आली असती तर रजा आली असती. तारेचे म्हणून टिटॅनसचे इंजेक्शन देऊन घरी पाठवले. दोन दिवसांनी बोट काळे पडले. नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात पुन्हा विचारले, आणि मी पुन्हा तार म्हणालो. त्यांनी तर्जनी, मधले बोट आणि तळव्याचा काही भाग काढला. एक सर्जन म्हणाले, "तारेने असं होत नाही." मी काही बोललो नाही.

भिकन मशीनवरून गेटवर पहाऱ्याला गेला आणि दोन वर्षांनी नोकरी सोडली. पुढे कोणीतरी पसरवले की तो पिऊन मांडवाच्या तारांवर पडला होता. कोणी पसरवले ते मला माहीत नाही. मी खोडले नाही, हे माहीत आहे. भिकनने आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. माझ्या घरात, माझ्या मुलांसमोर त्याला "पिऊन पडलेला" म्हटले गेले, आणि मी ताटावरून मान वर केली नाही. आमचे दळण त्याच्याच गिरणीवरून येते. दर वेळी तो डबा डाव्या हाताने उचलून माझ्या पिशवीत ठेवतो आणि विचारतो, "जीप चालती ना?"

नऊ फेब्रुवारीला मी खरे बोललो आणि माझ्या मुलीचे बोट वाचले. तेच खरे मला सव्वीस वर्षांपूर्वी माहीत होते. सबब ही जमीन. जमिनीने काही भरून येत नाही, हे मला कळते.

कलम ६. वर न लिहिलेले जे काही उरेल ते हर्षल आणि हर्षाली यांना सारखे. अंमलबजावणी हर्षालीने करावी.

येथवर लिहून दहा वाजून पन्नास मिनिटे झाली.

पुरवणी, त्याच दिवशी. अकरा वाजले, सव्वाअकरा वाजले. भाग्यश्रीबाई दोनदा घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "काका, पहिल्या साक्षीदाराची जागा अजून रिकामी आहे. मी बघू का कोणी?" सरिताताई म्हणाल्या, "थांबा हो जरा." अकरा चाळीसला फाटक वाजले. भिकन आला, भुवयांवर पीठ तसेच.

लंकाने त्याला कधी घरात बसवले नव्हते. चहा ओट्यावर देत असे. आज तिने खुर्ची पुढे केली आणि कप त्याच्या डाव्या हाताकडे ठेवला. "भाऊ, चहा घ्या."

"साखर कमी का वहिनी? मला शुगर निघालीय."

"बिनसाखरेचा करून आणते."

"ऱ्हाऊ द्या. आजचा घेतो."

मी कागद दिले. तो डाव्या बोटाने ओळ धरून वाचत होता. कलम एकला हसला. "पोहे बी दिले व्हय?" पाचव्याला त्याचे बोट थांबले, पुढे गेले, मागे आले. त्याने सगळे वाचले, सहावे कलमही. मग पुन्हा पाचवे काढले.

"गोरख, यात एक खोटं हाय."

"कुठे?"

"हे बघ. 'भिकन गप्प बसला.' मी गप्प नव्हतो बसलो. डॉक्टरनी इचारलं तवा मी म्हनालो, 'डिझे...' आन् तू टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. कंपनीचा बूट व्हता तुझ्या पायात, लोखंडी टोकाचा. माझ्या पायात चप्पल."

मला आठवले. विसरलो होतो असे मला लिहिता येणार नाही.

"सव्वीस वरसं मला त्याचंच वाटतंय," तो म्हणाला. "बोटाचं नाय. बोट चुकून गेलं. पाय चुकून नव्हता पडला."

मी पेन घेतले.

"आन् ही जमीन काट."

"भिकन..."

"काट म्हनतो ना. उद्या लोक म्हनतील, भिकननी तोंड बंद ठेवायची जमीन घेतली. आधी बेवडा व्हतो, आता इकाऊ व्हईन." तो भाग्यश्रीबाईंकडे वळला. "बाई, ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार व्हता येत नाय, असं पोरगी काल म्हनत व्हती. बरोबर?"

"वाद नको म्हणून टाळतो आम्ही. पण काका, जमीन काटली तर तुम्हाला यातून काहीच मिळणार नाही."

"मला साक्षीदाराची जागा पायजे. कोनती रिकामी हाय?"

"पहिली," सरिताताई म्हणाल्या.

"मंग पहिली द्या."

मी त्याला विचारले, तू मला माफ केलेस का. लेखी विचारायला हवे होते, तोंडी विचारले.

"गुरुवारचं उरकून चालत घरी ये," तो म्हणाला. "अजून लय बोलायचं हाय तुझ्याशी. शिव्या बी हायेत. त्या मृत्युपत्रात नाय बसनार."

सबब दुरुस्ती एक: कलम ५ मधील अकरा गुंठे जमिनीची देणगी भिकन देवरे यांच्या सांगण्यावरून रद्द. ती जमीन कलम ६ प्रमाणे जाईल. कलमातील बाकी मजकूर कायम.

दुरुस्ती दोन: कलम ५ मधील "भिकन गप्प बसला" हे वाक्य खोटे असल्याने रद्द. त्याजागी असे वाचावे: "भिकन डिझेल म्हणू लागला. मी टेबलाखाली त्याच्या पायावर बूट दाबून त्याला थांबवले."

दोन्ही ठिकाणी समासात मी आणि साक्षीदार क्रमांक एक यांनी आद्याक्षरे केली आहेत. हा कागद मी लिहिला, मी वाचला, आणि आता यात माझ्या माहितीप्रमाणे काही राहिलेले नाही. वेळ बारा वाजून पस्तीस मिनिटे.

ठिकाण: जेल रोड, नाशिक रोड
दिनांक: ४ मार्च २०२५

(सही) गोरक्ष सावळीराम ढोमसे

गोरक्ष ढोमसे यांनी आमच्या दोघांसमोर सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर.

साक्षीदार २: (सही) सरिता विलास कातकाडे, निवृत्त शिक्षिका, शेजारी. मला या कागदाने काहीही मिळालेले नाही. पानासुद्धा नाही.

साक्षीदार १: (सही, डाव्या हाताने) भिकन उत्तम देवरे, पिठाची गिरणी, सिन्नर फाटा. मी सगळं वाचलं. दुरुस्ती मी सांगितली. आता बरोबर आहे.